ओझं मागच्या आखावर

माझ्याकडे २०१२ ची मारुती जिप्सी आहे. २०१६ मध्ये ती मी गुरुग्राममध्ये जुनी घेतली, म्हणजे जिथे तयार झाली त्याच गावातून. मी राहतो नोएडात. या गाडीने मला लडाख दाखवलं, स्पिती तीनदा दाखवलं आणि झंस्करचे दगडधोंडेही दाखवले. दरवर्षी मे महिना लागला की ओळखीची माणसं विचारू लागतात, "स्पितीला जायचंय, गाडीला काय काय करून घेऊ?" बहुतेकांच्या मनात दोनच गोष्टी असतात: गाडी उंच करायची आणि टायर मोठे घालायचे.

मी त्यांना गाडीखाली वाकून मागचा आख बघायला सांगतो. दूरच्या प्रवासात पाणी, पेट्रोल, तंबू, हत्यारं आणि जादा चाक हे सगळं मागेच जातं. पुढे इंजिनाचं वजन ठरलेलं असतं. मागचं वजन आपण ठरवतो, आणि तिथेच आपण चुकतो. मी काय केलं, त्यातलं काय परत काढलं आणि का काढलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

१. पान्याला हात लावण्याआधी वजनकाट्यावर जा

दिल्लीत त्याला धर्मकांटा म्हणतात. ट्रकवाल्यांच्या रांगेत उभं राहून थोड्या पैशांत चिठ्ठी मिळते. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्यायची, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवायची. २०१८ च्या स्पितीच्या प्रवासाआधी मी हे केलं नव्हतं. परत आल्यावर तेच सामान तसंच भरून केलं. एकूण वजन भरलं १,५६० किलो, आणि त्यातले ९४५ किलो एकट्या मागच्या आखावर होते. रिकामी जिप्सी हजार किलोच्या आसपास असते.

मागे टांगलेलं वजन आखाला जास्त जाचतं. जिप्सीच्या दोन आखांमधलं अंतर २,३७५ मिलिमीटर आहे. मागच्या आखाच्या ७०० मिलिमीटर मागे ६० किलोचा लोखंडी बंपर लावला, तर मागच्या आखावर ६० नाही, जवळपास ७८ किलो येतात. वरचे १८ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात, म्हणजे स्टिअरिंगही हलकं पडतं. सी-सॉचंच गणित हे.

मी मागचा जड बंपर काढला, छतावरचा सांगाडा काढला, चार कॅनचे दोन केले, हत्यारांची पेटी मागच्या दारापासून हलवून पुढच्या सीटच्या पाठीशी आणली. पुन्हा काट्यावर गेलो. एकूण वजन १७० किलोंनी घटलं होतं, पण मागच्या आखावरचं १८५ किलोंनी. त्या दोन चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. आखाची सगळ्यात चांगली सुधारणा मी एकही नवा भाग न घेता केली.

२. आपला आख कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

जिप्सीचा मागचा आख अखंड आहे. मिस्त्री त्याला नुसतं 'हौसिंग' म्हणतात. मधल्या गोळ्यात क्राउन-पिनियन आणि डिफरन्शियल, दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून एकेक ॲक्सल शाफ्ट. तो आहे सेमी-फ्लोटिंग. म्हणजे शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचा भारही तोच पेलतो. मोठ्या ट्रकचं तसं नसतं. तिथे चाकाचा हब नळीच्या टोकावर स्वतःच्या दोन बेअरिंगांवर बसतो आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. ट्रकचा शाफ्ट ओढून बाहेर काढला तरी चाक जागेवर उभं राहतं. जिप्सीत शाफ्ट निघाला की चाकही निघालं.

हे मला पुस्तकापेक्षा दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या एका गल्लीत नीट समजलं. तिथल्या उस्ताद मिस्त्रींनी शाफ्ट बाकावर ठेवला होता. बेअरिंगच्या मागे एक पोलादी कडं असतं, तेच बेअरिंगला आणि पर्यायाने चाकाला जागेवर धरून ठेवतं. ते कडं पान्याने निघत नाही. उस्तादांनी ग्राइंडरने त्यात तिरकी खाच घेतली, शाफ्टला लागायच्या आधी केसभर थांबले, मग छिनी लावून एकच घाव घातला. कडं टणकन फुटलं. नवं बेअरिंग आणि नवं कडं त्यांनी प्रेसवर दाबून बसवलं. शेजारच्याने गॅसची ज्योत पुढे केली तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटलं. तापवलं की शाफ्टचं पाणी उतरतं. असा शाफ्ट पुढे कधीतरी ओढ्यात दगा देतो.

चाकं बाहेरच्या बाजूला सरकवण्यासाठी लोक स्पेसर किंवा उलट्या ऑफसेटची रिम लावतात. दिसायला गाडी रुंद दिसते, पण भार बेअरिंगपासून जितका लांब जातो तितका शाफ्ट वाकवणारा जोर वाढतो. रुंदी हवी होती तेव्हा कंपनीने ती आख रुंद करून दिली: १९९३ मध्ये मागच्या चाकांमधलं अंतर १,२२० वरून १,३१० मिलिमीटर झालं. स्पेसर मी लावला नाही आणि लावू देत नाही.

३. आखाला श्वास घेऊ द्या

जुलै २०१८. साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड उतरून बातलला आलो आणि तिथून छत्रूच्या दिशेने निघालो. हा रस्ता म्हणजे दगड आणि नाले. छत्रूच्या अलीकडे गिअर ऑइलचा उग्र वास आला. खाली उतरून बघितलं, तर डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला काळा ओघळ. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. ऑइल सील फुटून तेल ब्रेकच्या लायनरवर गेलं होतं. बायको शेजारी बसली होती. आम्ही लो गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर, रोहतांग ओलांडून कसेबसे मनालीत पोचलो.

मनालीच्या मिस्त्रीने आधी सील बदललं नाही. तो गाडीखाली झोपला, हौसिंगच्या वरच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हरने काहीतरी खरवडू लागला आणि काळी खपली माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "साहब, इसको साँस तो लेने दो." निघण्याआधी दिल्लीकडच्या एका वर्कशॉपात मी गाडीखाली गंज न लागण्याचं काळं कोटिंग मारून घेतलं होतं. त्यांनी हौसिंगवरच्या ब्रीदरवरूनच, म्हणजे हवेच्या छिद्रावरूनच, ते फवारलं होतं. आख फिरून तापतो, आतली हवा फुगते. बाहेर जायला वाट नसेल तर ती सीलवर जोर टाकते आणि तेल चाकात ढकलते.

ब्रीदर मोकळा असला तरी पाण्यात उलटा धोका असतो. तापलेला आख बर्फाच्या पाण्यात उतरला की आतली हवा झटकन आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी आत ओढते. यावरचा उपाय काही शे रुपयांचा आहे. ब्रीदरच्या टोपीच्या जागी नळीचं तोंड बसवा, तेलाला टिकणारी नळी वर टेललाइटच्या उंचीपर्यंत न्या, टोकाला छोटा फिल्टर लावा. आख खालीवर होतो, म्हणून नळीत ढील ठेवा. पुढच्या आखालाही तेच करा.

आणि पाण्यातून गेल्यावर मुक्कामी तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे, लगेच बदला. मागच्या हौसिंगला साधारण दीड लिटर लागतं. ते मी नेहमी सोबत ठेवतो. हिमनद्यांचे नाले दुपारनंतर फुगतात. सकाळी लवकर ओलांडलेला नाला आखालाही सोपा जातो आणि माणसालाही.

४. पाटे भारासाठी निवडा, दिसण्यासाठी नको

आपण पाटे म्हणतो, दिल्लीत कमानी म्हणतात. जिप्सीला पुढे-मागे पाटेच आहेत. पहिल्या वर्षी मी मागे दोन जादा पाटे घालून घेतले. गाडी ऐटीत उभी राहिली. नोएडाच्या स्पीड ब्रेकरवर ती उसळायची ते मी चालवून घेतलं. पण लेहच्या वाटेवर मोरे मैदानातल्या कच्च्या वाटेला लागलो, तिथे कपडे धुण्याच्या फळीसारख्या लाटा असतात, आणि मागची चाकं जमिनीला टेकेचनात. चाक हवेत असलं की ना ओढ मिळते ना ब्रेक. टणक पाटा आखाला वाचवत नाही. दगडाचा धक्का न जिरवता तो हौसिंग आणि सांगाड्यापर्यंत पोचवतो.

आधी वजन कमी केलं, मग एक जादा पाटा काढला. ट्रान्सपोर्ट नगरमधल्या कमानीवाल्याने बाकीच्यांचा बाक ठोकून पुन्हा जुळवला, पाट्यांच्या टोकांना नायलॉनच्या चकत्या घातल्या. मग त्याला जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर घेतले. दोन माणसं आणि सामान भरल्यावर गाडी सपाट उभी राहायला हवी. रिकामी असताना नाही.

आख पाट्यांना बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका. नवे आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा आणि तीनशेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळा. ते ढिले पडले की सगळा जोर पाट्यांना ओवणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की आख पाट्यावरून सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते.

५. उंची वाढवली की तीन ठिकाणी वाका

जिप्सीत पाटे आखाच्या खालून जातात. ते आखावर नेले की गाडी एकदम चार-पाच इंच उठते. त्यासाठी हौसिंगवर नव्या बैठका वेल्डिंग कराव्या लागतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी किंचित वाकली तरी दोन्ही शाफ्ट आणि बेअरिंगं कायमची ताणात राहतात. शिवाय चढावर जोर दिला की आख पाट्यांवर पिळवटतो. दगडांवर खेळण्यासाठीच गाडी बांधणाऱ्यांनी ते करावं. हजारो किलोमीटरच्या प्रवासाला मी ते करणार नाही. मी दीड-दोन इंचांवर थांबलो.

तेवढ्यानेही तीन गोष्टी बदलतात. पहिली, प्रॉपेलर शाफ्टचा कोन. साठच्या वेगाला सीटखाली थरथर जाणवली तर क्रॉस जॉइंट तक्रार करतो आहे असं समजा. दुसरी, ब्रेकची रबरी नळी. सांगाडा जॅकवर घेऊन आख पूर्ण खाली लोंबू द्या आणि नळी ताणते का ते बोटाने चाचपा. तिसरी बहुतेक जण विसरतात: भार ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह. तो आखाला जोडलेला असतो. मागे भार आला, गाडी दबली, की तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तुम्ही भरलेल्या गाडीने घाट उतरत असताना तो मागचे ब्रेक कमी करतो. त्याची पट्टी उंचीच्या प्रमाणात सरकवून घ्या, आणि मोकळ्या कच्च्या जागेवर ब्रेक दाबून खात्री करा.

६. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका

अखंड आखाच्या गाडीत सांगाडा कितीही उंच केला, तरी दगडाला अडकणारा गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर नेतो तो फक्त टायर. म्हणून टायर मोठा हवाच, असं मीही मानत होतो. मग वहीत गणित मांडलं. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास ६६८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. गोळ्याखाली मिळाले अवघे ३३ मिलिमीटर. त्याबदल्यात गाडीचे सगळे गिअर जवळपास दहा टक्क्यांनी जड झाले, आणि प्रत्येक चाकाचं वजन शाफ्टवर वाढलं.

मैदानात हे जाणवत नाही. पण पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास साठ टक्के उरते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोल मोजून देतं, हवा आणून देत नाही. जिप्सीची ८० अश्वशक्ती तिथे पन्नासच्याही खाली येते. अशा जागी चढावर मोठा टायर फिरवायला क्लच जाळावा लागतो. मी २१५/७५ आर १५ वर आलो. गोळ्याखाली १८ मिलिमीटर मिळाले, गिअर पाचेक टक्केच जड झाले. दगडात हवा थोडी कमी करायची, डांबरावर आल्यावर पंपाने परत भरायची. या सवयीने मला मोठ्या टायरपेक्षा जास्त वेळा पार नेलं आहे.

७. डिफरन्शियलला हात लावण्याआधी स्वतःला विचारा

एक मागचं चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल सगळी फिरकी त्यालाच देतं आणि गाडी जागेवर उभी राहते. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. चांगली गोष्ट आहे. पण जो आपोआप लागतो तो बर्फाळ वळणावर गाडीची शेपूट बाहेर फेकू शकतो, आणि सेमी-फ्लोटिंग शाफ्टवर एका चाकाला दोन्हींचा जोर येऊ शकतो. हवेवर चालणारा, बटणाने लावायचा-सोडायचा लॉकर जास्त सुरक्षित, पण त्याला कंप्रेसर, नळ्या आणि वायरिंग लागतं. म्हणजे बिघडायच्या जागा वाढतात. मी तो बसवला नाही. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन पाट्या आणि एक फावडं ठेवतो.

आणि कोणी मागचे क्राउन-पिनियन बदलून देतो म्हणाला, तर पुढचेही त्याच गुणोत्तराचे घ्यावे लागतात हे लक्षात ठेवा. जिप्सीत दोन्ही आखांच्या मध्ये डिफरन्शियल नाही. गुणोत्तर वेगळं असेल, तर फोर व्हील लावल्याक्षणी पुढचा-मागचा आख एकमेकांशी भांडू लागतात.

८. कागदही आखाइतकेच महत्त्वाचे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले मूळ तपशील बदलतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी गाडीखाली वाकून बघणारच. म्हणून ब्रीदरची नळी, चांगले सील, योग्य पाटे, योग्य तेल अशी देखभालीच्या अंगाने जाणारी कामं मी आधी करतो. रचना बदलणारी कामं टाळतो, आणि शंका असेल तिथे परिवहन कार्यालयात विचारतो.

दिल्ली परिसरात आणखी एक घड्याळ चालू असतं. २०१५ चा हरित लवादाचा आदेश आणि २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा, यांनी पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची मर्यादा घातली. पुढे त्यावर फेरविचार होत राहिले आहेत. माझ्या जिप्सीला २०२७ मध्ये पंधरा पूर्ण होतील. परत काढता येणार नाही असं काहीही तिच्यावर न करण्याचं हेही एक कारण आहे. ज्या राज्यात ती जाईल, तिथे ती मूळ रूपात तपासणीला उभी राहिली पाहिजे.

९. जिमनीवाल्यांनो, धडे तेच आहेत

जून २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिमनी आली, तीही गुरुग्रामचीच. तिच्या आखाला पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. आख पुढे-मागे दांड्यांनी आणि आडव्या लॅटरल रॉडने धरलेला असतो. गाडी उंच केली की हा रॉड आखाला किंचित एका बाजूला ओढतो, म्हणून लांबी जुळवता येणारा रॉड लागतो. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाला देण्याची सोय तिच्यात कंपनीचीच आहे. लॉकरआधी ती वापरून बघा. आख मात्र सेमी-फ्लोटिंगच. वजन, ब्रीदर आणि स्पेसर यांबद्दल वर जे लिहिलं ते जसंच्या तसं लागू आहे.

१०. डोंगरात उघडता येईल तेच बसवा

लाहौलमधल्या तांडीच्या पेट्रोल पंपावर मी पाटी वाचली होती: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. मला ती पाटी पेट्रोलपुरती वाटत नाही. लेहच्या त्या वाटेवर मदतही तितकीच विरळ असते. बदल करताना मी एकच प्रश्न विचारतो: हे केलाँगच्या मिस्त्रीला त्याच्या हत्यारांनी उघडता येईल का? सैन्याने वर्षानुवर्षं जिप्सी वापरल्यामुळे तिचे मूळ सुटे भाग डोंगरात ओळखीचे आहेत. परदेशी किटचं बेअरिंग तिथे कोणाकडे असणार?

माझ्या डब्यात असतं ते इतकंच: बेअरिंग आणि कडं आधीच प्रेस करून ठेवलेला एक पूर्ण मागचा शाफ्ट, दोन ऑइल सील, ब्रेक शूचा एक जोड, दोन यू-बोल्ट, एक सेंटर बोल्ट, एक क्रॉस, दीड लिटर तेल. प्रेस डोंगरात मिळत नाही, म्हणून ते काम मी काश्मिरी गेटमध्येच करून नेतो.

आणि प्रत्येक थांब्यावर, चहा मागवायच्या आधी, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघतो. दोन्ही सारखेच गरम असले तर ठीक. एक जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक काहीतरी सांगतंय. फलटणला माझे आजोबा उसाची गाडी कारखान्यावर रिकामी करण्याआधी असाच चाकाला हात लावत आणि गाडीखाली टांगलेल्या नळ्यातलं वंगण आखाला घालत. लहानपणी मला वाटायचं ते बैलांचं काहीतरी बघतायत.

गेल्या वर्षी काझाला उतरलो तेव्हा माझ्या आधी मुलीने दोन्ही चाकांना हात लावला आणि म्हणाली, "बाबा, डावं थोडं जास्त गरम आहे." खरंच होतं. हँडब्रेकची केबल किंचित धरत होती. आम्ही ती तिथेच सैल केली आणि मग चहा घेतला.